‘शोकाकुल’खालची नावं

भोसरी, ९ जानेवारी २०२४

आक्का,

पाया पडतो. फोनच करणार होतो, पण तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगायचं म्हणजे आमच्या अख्ख्या सोसायटीला सांगायचं. म्हणून पत्र.

उत्कर्षाने लग्न ठरवलं. मी नाही ठरवलं, तिने ठरवलं. चाकणच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून आली, डबा धुवायला टाकला आणि हात पुसता पुसता मला सांगितलं. जशी काही उद्या सुट्टी आहे. मुलगा चिखलीत फ्लेक्सचं दुकान चालवतो म्हणे.

फ्लेक्स तुमच्या उदगीरलाही असतील, पण इथल्यासारखे नसतील. आमच्या चौकात सध्या एक लागलाय. कुणाच्या तरी पुतण्याचा पहिला वाढदिवस. पोराला अजून नाक पुसता येत नाही, पण डोळ्यावर काळा गॉगल आणि डोक्यावर ‘भावी नगरसेवक’. खाली शुभेच्छुकांची तोंडं, पासपोर्ट फोटोसारखी चिकटवलेली. आणि अक्षरं! एका अक्षराला आधी पांढरा काठ, मग लाल काठ, मग सोनेरी, आणि वरून सावली. अंगावर सगळे दागिने घालून बाजारात निघालेल्या बाईसारखं दिसतं ते. शिरोरेषा कुठे सुरू होते आणि कुठे संपते याचा पत्ता नाही. असली अक्षरं रोज ढीगभर छापून जो पोट भरतो, त्याच्या घरात माझी मुलगी द्यायची?

मी चाळीस वर्षं अक्षरात घालवली. आधी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग कॉम्प्युटरवर अक्षरं काढली. घरात या विषयावर माझं ऐकणारं एकच माणूस होतं. तेही आता फितूर झालं.

उत्कर्षा तुला मानते. आई गेल्यावर तिला तूच सांभाळलंस. तिला एक चांगलं खरमरीत पत्र लिही. माझं ती ऐकत नाही.

गणराज

---

उदगीर, २० जानेवारी २०२४

गणराज,

आशीर्वाद. पत्र मिळालं. शाळेत असते तर ‘विषय सोडून लिहिले आहे’ असा शेरा मारून परत केलं असतं.

मुलीच्या लग्नाबद्दल लिहायला बसलास आणि अर्धं पान कुणाच्या तरी पुतण्याच्या गॉगलवर घालवलंस. मुलाचं नाव काय, वय काय, दारू पितो का, घरी कोण कोण आहे, उत्कर्षाला नोकरी करू देणार का, यातलं एक अक्षर नाही. एवढ्या अक्षरांचा तू जाणकार!

खरमरीत पत्र मी जरूर लिहीन, पण कुणाला लिहायचं ते आधी ठरवते. त्यासाठी मला माहिती दे. फ्लेक्सची नको, माणसाची दे.

तुझी खोकल्याची गोळी घेतोस का?

आक्का

---

भोसरी, ४ फेब्रुवारी २०२४

आक्का,

घे माणसाची माहिती. नाव पिंटू. पाळण्यातलं नाव दुसरं काहीतरी आहे, पण दुकानावर ‘पिंटू डिजिटल’ लिहिलंय, म्हणजे जगाला पिंटूच. वय एकोणतीस. दारू पित नाही असं उत्कर्षा म्हणते. मी वास घेतलेला नाही. घरी बाप सोपानराव आणि आजी मंजुळाबाई, आई नाही. मूळचे चिखलीचेच. पूर्वी शेती होती, आता शेताच्या जागी तीन मजली खोल्या आहेत आणि खोल्यांत आपल्याकडची पोरं भाड्याने राहतात.

रविवारी गेलो होतो त्यांच्याकडे. उत्कर्षाने नेलं. सोपानराव झोपाळ्यावर बसले होते, मला खुर्ची दिली. पहिला प्रश्न काय, तर “तुमी लातूरकडचं ना?” म्हटलं, हो, पण चाळीस वर्षं इथेच आहे. “व्हय, पर मूळ तिकडचंच. आमच्या खोल्यांत लई हायेत तुमच्याकडची. भाडं टायमात देत्यात बिचारी.” बिचारी! मग विचारलं, “करता काय तुमी?” म्हटलं, अक्षरं काढतो. माणूस थोडा विचारात पडला आणि म्हणाला, “म्हंजी पेंटर?”

आक्का, मी पाणीसुद्धा न पिता उठणार होतो. आपले आबा पेंटर होते. डबा आणि ब्रश घेऊन उदगीरच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी पेंटर नाही. एकोणीस वर्षांचा असताना त्यांच्या हातातला डबा खाली ठेवून मी भोसरीच्या छापखान्यात जुळारी म्हणून लागलो. कंपन्यांचे गेटपास, जॉबकार्ड, युनियनची पत्रकं, सगळी अक्षरं या हातांनी जुळवली. उलटी. जुळाऱ्याला सगळं आरशातल्यासारखं उलटं वाचावं लागतं. मालकाने छापखाना मोडला तेव्हा ते सगळे खिळे भंगारवाल्याने तागडीवर तोलून नेले. तरी मी घरी बसलो नाही. कॉम्प्युटर शिकलो आणि स्वतःचा टाइप काढला. ‘मांजरा’ नाव दिलं, आपल्या नदीवरून. आज चाकणच्या कंपन्यांत प्रेस मशीनवर ‘हात घालू नका’ लिहिलेलं असतं ते बहुतेक माझ्या अक्षरात. कामगार ते वाचतो आणि हात मागे घेतो, कारण अक्षर स्वच्छ आहे. हे सगळं त्या झोपाळ्यावरच्या माणसाला काय सांगणार? मी म्हटलं, हो, पेंटरच समजा.

मग पिंटूने दुकान दाखवलं. घराच्याच खाली आहे. मशीनमधून एक भलामोठा फ्लेक्स बाहेर सरकत होता, कुठल्याशा गॅरेजच्या उद्घाटनाचा. आणि मला घाम फुटला. ती अक्षरं माझी होती. मांजरा! पण रुंदीला ताणलेली. कोपरा धरून ओढली होती, म्हशीला दावणीकडे ओढतात तशी. माझ्या अक्षरांचे सडसडीत काने चौथ्या महिन्यातल्या बाईसारखे सुटले होते.

विचारलं, हा टाइप कुठून आणलास? म्हणाला, “उत्कर्षानं दिला. काका, लई भारी फॉन्ट हाय. गिऱ्हाईक लांबून वाचतंय.” ताणलास का? “जागा उरत होती ना. मोकळी जागा दिसली की गिऱ्हाईक म्हणतं पैसे वाया गेले.”

सांग आता. मोकळी जागा वाया गेली म्हणणाऱ्या माणसाला मी जावई कसा म्हणू?

गणराज

(गोळी घेतो. कडू आहे.)

---

उदगीर, १५ फेब्रुवारी २०२४

गणराज,

आशीर्वाद. मी उत्कर्षाला लिहिलं होतं. खरमरीत नाही, साधंच. तिचं उत्तर आलं. तुला दाखवायला नको म्हणाली, पण एवढं सांगते.

तारीख धरली आहे. एकवीस एप्रिल, रविवार. कार्यालय चिखलीतलंच. तिने लिहिलंय, “आत्या, बाबा नाही म्हणाले असते तर मी ऐकून घेतलं असतं. ते नाही म्हणत नाहीत, ते हसतात. पिंटूच्या प्रत्येक कामाला हसतात. तो समोर उभा असताना त्याच्या बोर्डकडे बघून नाक मुरडतात. मी त्यांना एकदाच सांगितलंय. लग्नाला आले तर मांडवात त्यांची जागा आहे. आले नाहीत तर मी त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही.”

पोरगी तुझ्यासारखीच आहे. ती बोलते ते करते.

मुलगा मला ठीक वाटतो. पितो की नाही हे तू विचारायला हवं होतंस, टाइप ताणला का हे नव्हे. बाप उद्धट दिसतो. पण तूसुद्धा त्याच्या घरी जाऊन त्याच्या पोराचं दुकान बघून घाम पुसलास, म्हणजे फिट्टंफाट झाली.

आक्का

---

भोसरी, ३ मार्च २०२४

आक्का,

तुला वाटतं पोरगा ठीक आहे. आता ऐक.

परवा उत्कर्षा म्हणाली, लग्नपत्रिकेचा मजकूर बघून द्या, निदान एवढं तरी करा. मी गेलो. पिंटू कॉम्प्युटरवर होता. त्याची फाइल शोधत होता. मी बाजूला उभा. पडद्यावर फोल्डरमागून फोल्डर चाललं होतं. वाढदिवस, निवड, अभिनंदन, दुकान उद्घाटन, आणि एक ‘श्रद्धांजली तयार’. त्यात नावं. चिखलीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची नावं. आणि त्यात ‘गणराज काका’.

मी म्हटलं, उघड. तो उघडेना. मी माऊस हिसकावला.

आक्का, माझा फोटो. उत्कर्षाच्या कॉलेजच्या गॅदरिंगमधला, टाय लावलेला. मागे निळे ढग, खाली समई, दोन्ही बाजूंना झेंडूची माळ. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, तीन काठांसह. माझं नाव मांजरामध्ये. ताणलेलं! माणूस मेला तरी त्याच्याच अक्षरांत त्याचं नाव ताणायचं. आणि खाली ‘शोकाकुल’. त्याखाली ‘मुलगी – उत्कर्षा’, आणि तिच्या शेजारी ‘जावई – पिंटू’. तारखेची जागा मोकळी. तेवढीच एक मोकळी जागा त्याने वाया जाऊ दिली होती.

मी विचारलं, हे काय आहे? तो लाजलाही नाही. “काका, राग मानू नका. ऐनवेळी लोक येतात, रडत असतात. फोटो सापडत न्हाई, नाव चुकतं, कुणाचं तरी राहून जातं आन् मग भावकीत भांडणं. म्हणून आमी आपल्या माणसांचं आधीच करून ठेवतो. आज्जीचं बी हाय. तिनं सोताच फोटो पसंत केला, हिरव्या नऊवारीतला.”

आपल्या माणसांचं! अजून अक्षता पडल्या नाहीत, आणि हा माझ्या मरणावर जावई म्हणून नाव लावून बसलाय. दुकानदार ऑर्डरची वाट बघतो तशी माझी वाट बघतोय. असल्या घरात मी पाय ठेवणार नाही. लग्नाला येणार नाही, हे उत्कर्षाला सांगितलंय. तिने डबा उचलला. शिफ्टला गेली.

तू जा हवं तर. माझ्या नावाने अक्षता टाकू नकोस.

गणराज

---

उदगीर, १४ मार्च २०२४

गणराज,

आशीर्वाद लिहीत नाही, रागात आहे.

जिवंत माणसाची श्रद्धांजली आधी करून ठेवणं तुला फार अभद्र वाटलं. मग आता ऐक. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण विचारलं नव्हतंस.

आबांनी स्वतःची श्रद्धांजलीची पाटी स्वतः रंगवली होती. जायच्या आधीच्या दिवाळीत. पत्रा आणला, काळा रंग दिला, सुकू दिला, आणि पांढऱ्या एनॅमलने लिहायला बसले. हात थरथरायचा, पण अक्षरात थरथर नाही. मी म्हटलं, आबा, हे काय? तर म्हणाले, “दुसऱ्याच्या हातची पाटी मला नको. हल्ली छापून लावतात. छापलेलं अक्षर म्हणजे उष्टं अक्षर.” तारखेची जागा तेवढी सोडली. ती मी खडूने भरली.

‘शोकाकुल’ आबांनीच लिहिलं. खाली आईचं नाव, माझं, तुझ्या मेहुण्याचं, धाकट्या काकांचं, शेजारच्या ज्योतीरामचंसुद्धा. तुझं नाही. मी विचारलं तर म्हणाले, “तो खिळे वेचतो. त्याला पाटीवर काय काम?” दहाव्याला तू आलास तोवर मी पाटी उतरवून घेतली होती. आता ती मागच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून आहे. पत्रा चांगला होता.

तुला वाटत आलं असेल की आबा तुझ्या लग्नाला आले नाहीत तरी मनातून झुरत होते. सगळ्यांनाच असं वाटायला आवडतं. मी शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होते. ते झुरत नव्हते. व्यवस्थित जेवायचे, दुपारी झोपायचे, तुझं नाव काढायचे नाहीत. नाक मुरडणारा माणूस सुखी असतो रे गणराज. त्रास त्याच्या नाकासमोर राहणाऱ्यांना होतो.

या पोराने तुझ्या पाटीवर स्वतःचं नाव लावलं म्हणून तू चिडलास. तुझ्या बापाने तुझं लावलं नाही. आता तूच ठरव, जास्त अभद्र काय.

एकवीसला मी चिखलीत असेन. माझी बस सकाळी पोचते. तू आणायला येणार नसशील तर पिंटू येईल. त्याने तसं कळवलंय.

आक्का

---

भोसरी, २४ मार्च २०२४

आक्का,

एकच विचारतो. पाटीवर नावांच्या ओळीत जागा होती का? शेवटी वगैरे? आबा ओळ लिहिण्याआधी खडूने आखून घ्यायचे. कधी कधी एखाद्या नावापुरती जागा सोडायचे. मला लहानपणापासून माहीत आहे.

गणराज

---

उदगीर, १ एप्रिल २०२४

गणराज,

तू हे विचारशील हे माहीत होतं, म्हणून टाकीवरचा पत्रा काढून, धुऊन, पुन्हा बघितला. नव्हती. ओळ काठोकाठ भरली आहे. आबांचा अंदाज कधी चुकत नव्हता.

आक्का

---

भोसरी, ८ एप्रिल २०२४

आक्का,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी काही केलं नाही. खोकत पडून राहिलो. आबांचा राग आला, मग तुझा आला, मग सगळ्यांचाच. या वयात बापाचा राग येतो हीच एक लाज आहे.

रविवारी दुपारी चिखलीला गेलो. उत्कर्षाला सांगितलं नाही. सोपानराव झोपाळ्यावर होते. म्हणाले, “या पेंटर.” मी म्हटलं, आलो. मंजुळाबाईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि या वेळी मी प्यालो. त्यांनी विचारलं, “लेकीच्या लग्नाला येनार न्हाई म्हनं?” मी म्हटलं, आधी दुकानात काम आहे.

पिंटू एकटाच होता. मी म्हटलं, माझी श्रद्धांजली काढ. तो घाबरला. “काका, डिलिट करतो, आत्ता करतो, उत्कर्षा माझ्यावर लई चिडली.” डिलिट नको, उघड. उघडली. मी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसलो.

आक्का, इतकं घाणेरडं काम मी आयुष्यात हातात घेतलं नव्हतं. ढग काढले. झेंडू काढला. काठ तिन्ही काढले. समई ठेवली, कारण तो म्हणाला समई नसली तर लोकांना वाटतं वाढदिवस आहे. त्यात तथ्य आहे, इथल्या लोकांचं काही सांगता येत नाही. नाव सरळ केलं, जसं काढलं होतं तसं. पिंटू मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, “काका, हे तर येगळंच दिसतंय. साधं.” म्हटलं, साधं दिसायला चाळीस वर्षं लागतात, तू घाई करू नकोस.

मग ‘शोकाकुल’. त्याने तुझं नाव घातलंच नव्हतं. ‘बहीण – विजयश्री’ असं मी आधी घातलं. मग उत्कर्षा. मग मंजुळाबाई आणि सोपानराव, कारण ते व्याही, आणि आपण घातलं नाही तर झोपाळ्यावरून उठून भांडतील. ओळ भरली. ‘जावई – पिंटू’ पुढे सरकून काठाबाहेर गेलं. जावई ‘जा’वर तुटला.

पिंटू माझ्या मागून म्हणाला, “काका, मावत न्हाई. माझं काढा. मी घरचाच हाय, चालतंय.”

अगदी सहज म्हणाला. रागाने नाही, लाजून नाही, मला खूश करायला तर नाहीच. हा असा मुलगा आहे. काहीही छापतो, काहीही ताणतो आणि आपलं नाव कुठे येतं याची त्याला पर्वा नाही. मला रागच आला त्याचा. म्हटलं, गप उभा राहा. मावत नाही असं काही नसतं, मावून घ्यावं लागतं. खालच्या अक्षरांना हात लावला असता तर ती वाचता आली नसती. मग मी वरचं माझं नाव बारीक केलं. पार बारीक केलं आणि उरलेल्या जागेत खाली नावांची दुसरी ओळ काढली. सगळे बसले.

त्याने विचारलं, “काका, तुमचं नाव लहान झालं की. लोक म्हणतील कोण गेलंय हेच कळत न्हाई.” म्हटलं, फोटो आहे ना. गॉगल न लावलेला एवढाच एक फोटो तुझ्या दुकानात आहे, ओळखतील.

तो खुर्चीत बसला आणि फाइल सेव्ह करायला लागला. तारखेच्या मोकळ्या जागेवर थोडा थांबला. हा पोरगा मोकळ्या जागेवर नेहमीच थांबतो. मी म्हटलं, राहू दे मोकळी. पण एकवीस एप्रिलच्या आधी काही भरू नकोस, त्या दिवशी मला मुलीच्या लग्नाला जायचंय.

तुला बसस्टँडवर घ्यायला मीच येईन. ती आबांची पाटी आण. टाकीला मी इथून दुसरं झाकण देतो, पिंटूकडे जुने फ्लेक्स खूप पडलेत.

गणराज